एक शून्य गळालं आणि ऑर्डर रद्द झाली: चुकीच्या किमतीवर ग्राहकाचा हक्क किती?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घरांत दोन याद्या होतात. एक गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची आणि दुसरी वर्षभर पुढे ढकललेल्या खरेदीची: मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन. ऑनलाइन सेलही याच दिवसांत सुरू होतात. मग एखाद्या रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिंक येते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘चुकून पडलंय, सकाळी काढतील, आत्ताच घ्या.’

समजा, डिचोलीतल्या एका घरात ही लिंक उघडली गेली. १९,४९० रुपयांचं वॉशिंग मशीन १,९४९ ला दिसत होतं. ऑर्डर दिली, खात्यातून पैसे गेले, ‘आपली ऑर्डर निश्चित झाली आहे’ असा मेलही आला. सकाळी दुसरा मेल आला: ‘तांत्रिक कारणामुळे किंमत चुकीची दिसली. ऑर्डर रद्द करत आहोत. रक्कम पाच ते सात दिवसांत परत मिळेल.’ मुलगा म्हणतो, पैसे घेतले म्हणजे मशीन द्यायलाच हवं, ग्राहक मंचात जाऊ. वडील म्हणतात, एवढ्या पैशांत मशीन कुणी देतं का, पैसे परत मिळतायत ना, सोडून दे.

कायद्याचं उत्तर या दोघांच्याही उत्तराहून वेगळं आहे. चुकून पडलेल्या किमतीला वस्तू मिळवण्याचा सरसकट हक्क भारतात कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. पण ‘चूक झाली’ एवढं म्हणून कंपनीला हात झटकण्याची मोकळीकही नाही. निकाल दोन प्रश्नांवर फिरतो. सौदा कुठल्या टप्प्यावर पोचला होता? आणि ती किंमत खरी आहे, असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटू शकत होतं का? माझ्या मते या दोन्हींत दुसरा प्रश्न जास्त वजनदार आहे, आणि ग्राहक नेमका तोच स्वतःला विचारत नाहीत.

दाखवलेली किंमत म्हणजे वचन नव्हे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याच्या केळ्यांपुढे खडूने भाव लिहिलेली पाटी असते. ती वाचून तुम्ही पिशवी पुढे करता आणि ‘दोन डझन द्या’ म्हणता. विकणारी बाई ‘घ्या’ म्हणते, तेव्हा सौदा होतो. पाटीवरचा आकडा ही फक्त गिऱ्हाइकाला घातलेली साद असते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या भाषेत तुमचं ‘द्या’ हा प्रस्ताव आणि बाईचं ‘घ्या’ हा स्वीकार. दोन्ही जुळले की करार होतो, त्याआधी नाही.

संकेतस्थळावरची किंमत कायद्याच्या नजरेत त्या पाटीच्या जागी आहे. ‘बाय नाऊ’ दाबून तुम्ही प्रस्ताव देता. तो स्वीकारायचा की नाही, हे विक्रेत्याच्या हाती असतं.

याच धर्तीचा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल १९५१ सालचा आहे. मडिकेरीतल्या एका बंगल्याचा व्यवहार चालला होता. ‘दहा हजार रुपयांपेक्षा कमी घेणार नाही’ असं मालकाने तारेने कळवलं. खरेदीदाराने दहा हजार मान्य केले आणि सौदा ठरला असं धरून चालला. कोर्टाने तसं मानलं नाही. मालकाने किमान अपेक्षा सांगितली होती, विकण्याचं वचन दिलं नव्हतं, असं ठरलं. तारेच्या जागी आज अ‍ॅप आलं, तरी तत्त्व तेच आहे.

म्हणून किंमत नुसती दिसली, तुम्ही स्क्रीनशॉट घेतला, वस्तू कार्टमध्ये टाकली आणि पैसे भरण्याआधी आकडा बदलला, तर त्या जुन्या आकड्यावर तुमचा हक्क जवळजवळ नाही.

पण पैसे गेले आणि मेलही आला, त्याचं काय?

वादाची खरी जागा ही आहे. अशा वेळी आलेला मेल शांतपणे, शब्दन् शब्द वाचायला हवा. काही कंपन्यांच्या मेलमध्ये ‘तुमची ऑर्डर आम्हाला मिळाली’ एवढंच असतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही केवळ पोच आहे आणि वस्तू पाठवल्यावरच विक्रीचा करार पूर्ण होईल. तसं असेल तर कंपनी म्हणणार, ‘आम्ही अजून स्वीकार केलाच नव्हता.’ अट आधी स्पष्ट दाखवली असेल, तर या म्हणण्यात दम आहे.

दुसऱ्या मेलमध्ये ‘ऑर्डर निश्चित झाली’ असं ठामपणे लिहिलेलं असतं. सोबत पोचवण्याची तारीख असते, कधी बिल असतं, कधी ‘तुमची वस्तू पॅक होते आहे’ असा पाठोपाठ संदेशही येतो. इथे ग्राहकाची बाजू भक्कम होते. मेल माणसाने लिहिला नाही, यंत्राने आपोआप पाठवला, हा बचाव एकट्याने फार पुढे जात नाही. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो अमान्य ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात लिहिलेलं आहे. यंत्र ज्याने नेमलं, त्याच्या वतीने ते बोलतं.

पैसे खात्यातून गेले ही गोष्टही तुमच्या बाजूने मोजली जाते. पण ती एकटी निर्णायक नाही, कारण बहुतेक अ‍ॅप ऑर्डरसोबतच पैसे घेतात.

चूक विक्रेत्याची, मग भोगायची कुणी?

‘त्यांची चूक, त्यांनी निस्तरावी’ ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. करार कायदा बऱ्याच अंशी तिच्याशी सहमत आहे. दोन्ही बाजूंची एखाद्या मूलभूत वस्तुस्थितीबद्दल चूक झाली असेल तर करार रद्दबातल ठरतो. पण चूक एकाच बाजूची असेल, तर तेवढ्यावरून करार मोडता येत नाही. हे कलम २२ मध्ये स्पष्ट आहे. दुकानदाराने हिशेब चुकवला, नफा कमी धरला, गेल्या वर्षीची सवलत काढायला विसरला, तर त्याचा भार त्याच्यावर.

मात्र त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं, की संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने दिलेला होकार. आता समजा, विक्रेत्याच्या मनात १९,४९० आहेत आणि स्क्रीनवर १,९४९ दिसतायत. शून्य गळलंय हे तुम्हाला दिसतंय, ओळखू येतंय, आणि तरीही तुम्ही चटकन बटण दाबता. मग दोघांचा होकार एकाच अर्थाने झाला असं म्हणता येत नाही. दुसऱ्याची चूक ओळखून ती पदरात पाडून घेणाऱ्याला कायदा संरक्षण देत नाही. इंग्लंडमध्ये १९३९ साली सशाच्या कातड्यांच्या एका सौद्यात हेच ठरलं. भाव नगावर ठरायचा होता, पण प्रस्तावात चुकून वजनावर लिहिला गेला. खरेदीदाराने चूक ओळखली असणार, असं म्हणून कोर्टाने त्याला काही मिळू दिलं नाही.

वॉशिंग मशीनची किंमत १,९४९ ऐवजी १३,९९० दिसली असती तर? सेलच्या दिवसांत पाच हजारांची सूट कुणालाही खरी वाटेल. त्या ग्राहकाने चूक ओळखायला हवी होती, असं कंपनीला म्हणता येणार नाही. दोन्ही ठिकाणी कंपनीची चूक आहे, पण ग्राहकाचा दावा एका ठिकाणी लंगडा आहे आणि दुसरीकडे ताठ उभा आहे.

सहा मित्र आणि १,६०६ प्रिंटर

याबाबतचा जगभर अभ्यासला जाणारा खटला सिंगापूरचा आहे. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसू लागला. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी भरलेले आकडे चुकून खऱ्या पानावर गेले होते. सहा मित्रांनी मध्यरात्रीनंतर एकमेकांना कळवत मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. ऑर्डर स्वीकारल्याचे मेल आपोआप गेलेही. कंपनीने प्रिंटर द्यायला नकार दिला आणि मित्र कोर्टात गेले.

ते २००४ मध्ये हरले आणि २००५ मध्ये अपिलातही हरले. त्यांना बुडवलं ते त्यांच्याच संदेशांनी आणि ऑर्डरच्या आकड्यांनी. रात्री आपसांत काय बोलणं झालं, कुणी किंमत कुठे तपासली, इतके प्रिंटर कशासाठी हवे होते, हे सगळं तपासलं गेलं. चूक आहे हे त्यांना माहीत होतं, असा निष्कर्ष निघाला. मेल आला होता, तरी त्याचा काही उपयोग झाला नाही.

हा निकाल भारतातल्या ग्राहक आयोगावर, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचावर, बंधनकारक नाही. पण त्यामागचा विचार आपल्या कलम १३ शी जुळतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चुकून पडलंय, लुटा’ असं लिहून मग फसवणुकीची तक्रार करणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. तो संदेश उद्या तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो.

मोठ्या संख्येने मागवण्याचा आणखी एक तोटा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ फक्त ‘ग्राहका’साठी आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी माल घेणारा त्यात बसत नाही. अपवाद आहे तो स्वतः राबून पोट भरणाऱ्या स्वयंरोजगारीचा. घरासाठी एक मशीन घेणारी बाई ग्राहक आहे. तिच्या भाच्याने विकायला मागवलेली बारा मशीनं वेगळ्या खात्यात जातात.

ओडिशाचा लॅपटॉप

आता आपल्या देशातलं उदाहरण. डिसेंबर २०१४ मध्ये ओडिशातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याला अ‍ॅमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याने ऑर्डर दिली आणि ती निश्चित झाल्याचंही कळलं. दोनेक तासांत ग्राहक सेवेकडून फोन आला, की किमतीच्या अडचणीमुळे ऑर्डर रद्द होते आहे. त्याला अभ्यासाच्या प्रकल्पासाठी लॅपटॉप हवा होता. शेवटी त्याने दुसरा लॅपटॉप २२,८९९ रुपयांना घेतला.

प्रकरण जिल्हा मंचाकडे गेलं. तिथे मानसिक त्रासाचे १०,००० आणि खर्चाचे २,००० रुपये मिळाले. हे पुरेसं नाही म्हणून तो राज्य आयोगाकडे गेला. जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने मानसिक त्रासाची भरपाई आणि दंडात्मक रक्कम मिळून ४०,००० रुपये आणि दाव्याच्या खर्चाचे ५,००० रुपये द्यायला सांगितलं. ‘आम्ही फक्त बाजारपेठ पुरवतो, विक्रेता वेगळा आहे’ हा कंपनीचा बचाव चालला नाही. जाहिरात दिली, तिच्याप्रमाणे ऑर्डर आली, ती निश्चित केली, म्हणजे करार झाला, असं आयोगाने मानलं.

या निकालात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही पाहायला हव्यात. १९० रुपयांत लॅपटॉप ही किंमत उघडच अशक्य वाटणारी होती, तरी ग्राहक जिंकला. म्हणजे ‘किंमत फारच कमी होती’ एवढ्याने ग्राहकाची तक्रार आपोआप फेकली जात नाही. पण त्याला मिळाले ते त्रासाचे आणि कंपनीच्या वागणुकीचे पैसे. लॅपटॉप १९० रुपयांत त्याच्या हाती आला नाही. आणि मधे सहा वर्षं गेली. कागदावरचा विजय आणि घरात आलेली वस्तू यांच्यातलं हे अंतर आधीच ठाऊक असलेलं बरं.

मुंबईच्या एका प्रकरणात किमतीची चूक नव्हती, पण रद्द करण्याची पद्धत हाच मुद्दा होता. जुलै २०२२ मध्ये एका ग्राहकाने फ्लिपकार्टवर ३९,६२८ रुपये भरून आयफोन मागवला. काही दिवसांनी ऑर्डर परस्पर रद्द झाली. पैसे परत मिळाले होते, तरीही जिल्हा आयोगाने १०,००० रुपये भरपाई द्यायला लावली. ‘पैसे परत दिले, आता काय उरलं?’ या प्रश्नाचं उत्तर त्या निकालात आहे.

काहीही झालं तरी जे तुमचंच आहे

किंमत कितीही विचित्र असली आणि मशीन मिळणार नसलं, तरी काही हक्कांना धक्का लागत नाही. ते ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आहेत.

भरलेली रक्कम वाजवी मुदतीत परत मिळायला हवी. ती कूपन किंवा त्यांच्याच वॉलेटच्या रूपात गळ्यात मारली, तर ‘ज्या मार्गाने घेतली त्याच मार्गाने द्या’ असं लेखी मागा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकालात काढायची असते. बहुतेक जण ग्राहक सेवेच्या चॅटवर तास तास डोकं फोडतात आणि या अधिकाऱ्याकडे जातच नाहीत. पण आयोगापुढे वजन पडतं ते त्याला पाठवलेल्या मेलचं.

रद्द करण्याच्या शुल्काचा नियम तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. ऑर्डर निश्चित झाल्यावर तुम्ही ती रद्द केली म्हणून कंपनीला शुल्क घ्यायचं असेल, तर कंपनीने स्वतःहून रद्द केल्यावर तिनेही तसंच शुल्क सोसायला हवं. तुमच्याकडून दोनशे रुपये कापणारी कंपनी स्वतः फुकटात माघार घेऊ शकत नाही. अटींमध्ये असं शुल्क दिसलं, तर रद्द झालेल्या ऑर्डरवर तेवढी रक्कम हक्काने मागा.

आणि ऑर्डर निश्चित झाल्यावर ‘फरक भरा, मग पाठवतो’ म्हणणं? पैसे भरताना दाखवलेल्या रकमेपेक्षा जास्त आकारणं हा ‘डार्क पॅटर्न’ मानला जातो. म्हणजे ग्राहकाला फसवून किंवा गोंधळात टाकून निर्णय घ्यायला लावणारी रचना. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे तेरा प्रकार नावानिशी जाहीर केले. खऱ्या चुकीत कंपनी तुम्हाला पर्याय देऊ शकते: हवं तर योग्य किमतीला घ्या, नाहीतर पूर्ण पैसे परत घ्या. पण परस्पर कार्डावर जादा रक्कम टाकता येत नाही.

ती चूक होती की गळ?

या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ व्हायला होतं. एखादी कंपनी सेलच्या पहिल्या रात्री टीव्ही निम्म्या किमतीत दाखवते. हजारो लोक अ‍ॅप उतरवतात, फोन नंबर देतात, कार्ड नोंदवतात. सकाळी ‘तांत्रिक चूक’ म्हणून बहुतेक ऑर्डर रद्द होतात. पैसे परत मिळतात, पण गिऱ्हाइकांची यादी कंपनीकडे राहते. ही चूक म्हणायची का?

कायदा इथे गप्प नाही. ज्या किमतीला विकायचंच नाही, त्या किमतीची जाहिरात करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. वाजवी साठा आणि वाजवी मुदत न ठेवता स्वस्ताईची जाहिरात करणंही त्यातच येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० पासून कामाला लागलं. एकट्या ग्राहकाऐवजी सगळ्या ग्राहकवर्गाच्या वतीने ते चौकशी करू शकतं, अशा जाहिराती थांबवू शकतं, दंड लावू शकतं.

चूक खरी की बनावट, हे सिद्ध करणं एका माणसाला अवघड जातं. पण काही खुणा दिसतात. तीच कंपनी दर सेलला तीच ‘चूक’ करते का? चुकीची किंमत पुश संदेशात किंवा मोठ्या बॅनरवर झळकली होती का? बॅनर कुणीतरी बनवतं, कुणीतरी मंजूर करतं, तिथे बोट घसरलं असं म्हणणं अवघड आहे. रद्द केल्यावर तीच वस्तू थोड्या जास्त भावात लगेच विक्रीला आली का? तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट इथे उपयोगी पडतात.

लोक हमखास विचारतात ते प्रश्न

‘अटींमध्ये लिहिलंय, की कंपनी कुठलीही ऑर्डर कधीही रद्द करू शकते. आपण टिक केलंय. मग संपलंच ना?’ संपत नाही. वाजवी कारणाशिवाय एकाच बाजूला करार मोडायची मुभा देणारी अट २०१९ च्या कायद्यात ‘अनुचित करार’ ठरू शकते. फक्त त्या मुद्द्यावर तक्रार करायची तर ती पणजीच्या राज्य आयोगाकडे जाते, जिल्हा आयोगाकडे नाही. किमतीची खरी चूक मात्र वाजवी कारण मानली जाण्याची शक्यता बरीच आहे, हेही खरं.

‘कॅश ऑन डिलिव्हरी होती, पैसे दिलेच नाहीत.’ तरी तुम्ही ग्राहक आहात. मोबदला दिलेला किंवा देण्याचं कबूल केलेला, दोन्ही चालतं. नुकसान दाखवणं मात्र जड जातं.

‘वस्तू घरी आली, आता परत मागतायत.’ पाठवणी झाली, बिल झालं, ताबा मिळाला, म्हणजे स्वीकाराबद्दल वाद उरत नाही. तुम्हाला चूक ठाऊक होती, हे आता विक्रेत्याला कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागेल. तुमच्या परवानगीशिवाय कार्डावर फरक टाकणं किंवा घरी माणूस पाठवून दमदाटी करणं त्याला करता येत नाही.

‘गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो ना?’ लग्न, वारसा, कुटुंबाची मालमत्ता या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा इथे अजून चालते. खरेदी-विक्रीच्या करारांना मात्र गोव्यातही भारतीय करार कायदाच लागू आहे, आणि ग्राहक कायदा तर सगळ्या देशाचा आहे.

‘छापील किमतीपेक्षा खूप कमी दाखवणं बेकायदा नाही का?’ नाही. छापील कमाल किमतीच्या वर घेणं बेकायदा आहे, खाली कितीही विकता येतं.

आणि एक प्रश्न लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवा: ही लिंक खरी आहे का? ‘चुकून स्वस्त पडलंय’ हा ठगांचा आवडता सापळा आहे. पत्त्यातलं एखादं अक्षर बदललेलं असतं, पान हुबेहूब असतं, आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. तिथे ग्राहक हक्काचा प्रश्नच येत नाही, तो सायबर गुन्हा आहे. लगेच १९३० वर फोन करायचा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची आशा असते. म्हणून लिंकवरून न जाता अ‍ॅप स्वतः उघडा आणि वस्तू तिथे शोधा.

चूक करणारा आपल्याच गावचा असेल तर

गोव्यात या विषयाची दुसरी बाजू घरोघरी आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कितीतरी कुटुंबं घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना देतात आणि भाव स्वतःच मोबाइलवरून अ‍ॅपवर टाकतात. समजा, ३१ डिसेंबरच्या रात्रीचा दर ९,००० टाकायचा होता आणि ९०० पडला. तासाभरात पुण्याच्या एका कुटुंबाचं बुकिंग आलं आणि ‘निश्चित’ असा संदेश अ‍ॅपने पाठवलाही.

वर सांगितलेलं सगळं इथेही लागू आहे, फक्त खुर्च्या बदलल्या. नववर्षाच्या रात्री किनाऱ्याजवळची खोली ९०० ला मिळत नाही, हे पर्यटकाला कळायला हवं होतं, असं मालक म्हणू शकतो. ९,००० ऐवजी ६,५०० पडले असते, तर त्याला तसं म्हणता आलं नसतं आणि खोली त्याच दरात द्यावी लागली असती, किंवा न दिल्याची भरपाई.

मालकाच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती वेळ. चूक त्याच दिवशी कळवली, पूर्ण पैसे परत केले, तर पर्यटकाचं नुकसान जवळजवळ शून्य राहतं. तीन आठवडे थांबून २८ डिसेंबरला रद्द केलं, तर तोवर त्या कुटुंबाने रेल्वेची तिकिटं काढलेली असतात आणि दुसरीकडे खोल्या उरलेल्या नसतात. करार मोडल्यावर साहजिकपणे होणारं नुकसान भरून द्यावं लागतं, हे कलम ७३ सांगतं. गोव्यातली खोली रद्द झाली की पर्यटकाची तिकिटं वाया जातात, हे गोव्यातल्या मालकाला ठाऊक नव्हतं असं कोण मानेल? पाहुणा दारात आल्यावर ‘दर चुकला होता, नऊ हजार द्या’ म्हणणं तर सगळ्यात वाईट. कायद्यानेही, आणि आपल्या गावच्या नावासाठीही.

तक्रार करायची, तर काय मागायचं

आधी तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ऑर्डर क्रमांक, दिसलेली किंमत, भरलेली रक्कम, निश्चित झाल्याचा मेल, रद्द झाल्याचा मेल, सगळं जोडा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देत नाही, पण कंपनीशी बोलून बरीच प्रकरणं मिटवते.

त्यानंतर आयोग. ‘वाद फक्त अमुक शहरातल्या कोर्टात चालेल’ ही अटींमधली ओळ वाचून लोक इथेच हात टेकतात. पण तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. डिचोली, म्हापसा, पेडण्याच्या माणसाला पर्वरीतला उत्तर गोवा जिल्हा आयोग आहे, सासष्टी किंवा मुरगावच्या माणसाला मडगावचा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते, आणि सुनावणी व्हिडिओवरून घेण्याची विनंतीही करता येते. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

मागणी लिहिताना बहुतेक जण एकच ओळ लिहितात, ‘त्याच किमतीत वस्तू द्यावी.’ त्याऐवजी मागण्या उतरत्या क्रमाने लिहाव्यात. पहिली, निश्चित झालेल्या किमतीत वस्तू. ती शक्य नसेल तर दुसरी, तशीच वस्तू बाजारातून घेताना पडलेला फरक. तिसरी, रद्द करण्याच्या पद्धतीमुळे झालेला त्रास आणि खर्च. दुसऱ्या मागणीसाठी एक काम आधीच करावं लागतं. ऑर्डर रद्द झाल्यावर वाजवी वेळात तीच किंवा तशीच वस्तू दुसरीकडून घ्यायची आणि बिल जपून ठेवायचं. १३,९९० ला निश्चित झालेलं मशीन रद्द झालं आणि म्हापशाच्या दुकानात तेच १९,००० ला घ्यावं लागलं, तर ५,०१० रुपयांचा नेमका आकडा आयोगापुढे राहतो. १,९४९ च्या मशीनसाठी मात्र सतरा हजारांचा फरक मागण्यापेक्षा पूर्ण परतावा, रद्द करण्याचं शुल्क आणि परतावा रखडला असेल तर त्याची भरपाई, एवढंच मागा. तेवढी मागणी टिकण्यासारखी आहे.